वजन उतरवायचंय : दोनदा जेवू, दर दोन तासांनी खाऊ, की गोळी घेऊ?

लक्ष्मीपुरीकर | १४ जून, रात्री १०:४०

मंडळी, नमस्कार. बऱ्याच वर्षांनी धागा काढतोय, सांभाळून घ्या.

वय ४४, उंची पाच फूट सहा इंच, वजन ९४. धान्याचं दुकान आहे, दिवसभर गादीवर बैठक. मागच्या आठवड्यात रक्त तपासलं, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) ६.१ आलं. डॉक्टर म्हणाले, "अजून शुगर झालेली नाही, पण उंबऱ्यापर्यंत आलीय. सात-आठ किलो उतरवा, मग बघू." कसं उतरवायचं विचारलं तर म्हणाले, "तोंडाला आवर घाला." एवढं तर आई फुकटात सांगते.

घरात माणसं पाच आणि मतं सहा. बायको डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं मानते, दोनदाच जेवा. पुण्याची बहीण ऋजुता दिवेकरांची भक्त, दर दोन तासांनी खा आणि तूप सोडू नको. मेहुण्यानं कीटो धरलाय, म्हणजे भाकरी सोडली आणि मटण धरलं. शेजारचा दुकानदार शेकच्या पावडरीचा डबा गळ्यात मारायला टपलाय. आणि मुंबईचा साडू पोटात इंजेक्शन टोचून घेतो आणि व्हिडिओ कॉलवर पट्ट्याची भोकं मोजून दाखवतो.

माझा प्रश्न एवढाच. यातलं काही कुणी वर्षभर टिकवलंय का? पहिल्या महिन्यात किती उतरलं ते कृपया सांगू नका, ते सगळ्यांचंच उतरतं. वर्षानं काटा काय म्हणाला ते सांगा. आणि गोळ्यांचं खरं-खोटं काय?

आखाड बारा दिवसांवर आलाय, त्यामुळं जरा घाई आहे.

तर्री_कमी_नको | १४ जून, रात्री १०:५२

आखाडाच्या तोंडावर डाएट? भावा, वरात दारात आल्यावर नवरा पळून जातो तसलं काम आहे हे. श्रावणात ये, सगळे मिळून सुचवू.

राजारामपुरी_९वी_गल्ली | १४ जून, रात्री ११:१५

मी दीक्षित पद्धत दीड वर्ष झालं करतो. ७८ किलोवरून ६९ वर आलो, आणि वर्षभर ६९-७० च्या मधेच हाय.

कसं करतो ते सांगतो. आपल्याला खरी भूक कधी लागते ते आधी आठवडाभर बघायचं. माझी सकाळी दहा आणि संध्याकाळी सात निघाली. त्या दोन वेळांना ५५ मिनिटांच्या आत काय ते पोटभर जेवायचं. मधे पाणी, पातळ ताक, बिनसाखरेचा बिनदुधाचा चहा, बास. आणि रोज ४५ मिनिटं चालायचं. सुरू करायच्या आधी एचबीए१सी आणि उपाशीपोटीचं इन्सुलिन तपासायला सांगतात, ते टाळू नका.

जेवणं कमी करायला काही वाटलं नाही. जीव गेला तो चहा सोडताना. पूर्वी दिवसाला पाच कप, म्हशीचं घट्ट दूध आणि दीड-दीड चमचा साखर. कुणाच्या घरी गेलं की "अगं, एक घोट तरी" सुरू. आमच्या जाऊबाईंनी तर तीन महिने अबोला धरला, का तर मी त्यांच्या घरचा चहा घेतला नाही.

पेठी_पाहुणा | १४ जून, रात्री ११:३१

छान अनुभव. एक शंका, "आलो", "करतो" आणि "जाऊबाई"? आपण ताई की दादा?

राजारामपुरी_९वी_गल्ली | १४ जून, रात्री ११:३४

ताईच. कोल्हापूरची. आम्ही बायका पण येतो, जातो, जेवतो. वजन उतरलं तरी क्रियापद तेवढंच राहतंय.

तर्री_कमी_नको | १४ जून, रात्री ११:३५

_/\_ वारलो.

नाचणीची_आंबील | १५ जून, सकाळी ७:०५

दुसरी बाजू मांडते. मी इचलकरंजीत शिक्षिका आहे. दोन जेवणांचा प्रयोग मीही केला, चार महिने. संध्याकाळी सातला जेवायला बसले की ५५ मिनिटं संपेपर्यंत उठायचेच नाही. जेवण, मग लाडू, मग शेंगदाणे, मग नवऱ्याच्या ताटातला पापड, घड्याळाकडे बघत बघत. वजन एक किलोनं वाढलं.

मग दिवेकरांच्या पद्धतीनं दर दोन तासांनी थोडं खायला लागले. उठल्या उठल्या चहाऐवजी फळ किंवा भिजवलेले बदाम, शाळेत मधल्या सुट्टीत भाकरी-भाजी, चार वाजता मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा. रात्रीची वखवख गेली. ७१ ची ६६ झाले, दोन वर्षं झाली. त्या चारच्या शेंगदाण्यांनी मला वाचवलं असं माझं मत. पूर्वी साडेपाचला घरी येऊन स्वयंपाकघरात उभ्या उभ्या अर्धा डबा भडंग संपवायचे.

राजारामपुरी_९वी_गल्ली | १५ जून, सकाळी ७:४८

पण ताई, खाल्लं की इन्सुलिन वाढतं. तुम्ही दिवसातून सात वेळा वाढवता.

नाचणीची_आंबील | १५ जून, सकाळी ७:५५

वाढत असेल. काटा मात्र उतरलाय.

राजारामपुरी_९वी_गल्ली | १५ जून, सकाळी ७:५७

शास्त्र म्हणून काही असतं की नाही?

तर्री_कमी_नको | १५ जून, सकाळी ८:०२

मी मिसळ घेऊन बसलोय. चालू द्या. (ही माझी दिवसातली पहिली वेळ, ५५ मिनिटं सुरू.)

आकडेमोड | १५ जून, सकाळी ९:२०

दोन्ही ताईंचं वजन उतरलंय. पद्धती एकमेकींच्या बरोबर उलट्या, तरी दोघींचं उतरलं. यातच उत्तर आहे असं मला वाटतं.

२०१८ साली स्टॅनफर्डच्या लोकांनी ६०९ जणांवर वर्षभराचा एक अभ्यास छापला होता. निम्म्यांना स्निग्ध पदार्थ कमी, निम्म्यांना पीठ-साखर कमी. वर्षानं सरासरी बघितली तर एका गटाचं ५.३ किलो, दुसऱ्याचं ६ किलो. फरक म्हणावा असा नाहीच. मला जास्त रस वाटला तो पुढच्या गोष्टीत. दोन्ही गटांत काहींचं पंचवीस किलोच्या पुढं उतरलं आणि काहींचं उलट वाढलं. इन्सुलिन कुणाचं किती स्रवतं यावरून कुणाला कुठला आहार लागू पडेल ते सांगता येईल अशी त्यांची अटकळ होती, तीही फसली. म्हणजे पद्धतीपद्धतीत फरक नव्हता, माणसामाणसात डोंगराएवढा होता.

१६ तास उपास आणि ८ तास खाणं, याचंही तेच. २०२२ मध्ये चीनमधला १३९ जणांचा अभ्यास आला. दोन्ही गटांना सारख्याच कमी कॅलरी, फक्त एकाला आठ तासांची चौकट. वर्षानं दोघंही जवळपास सारखेच. चौकटीचा फायदा होतो तो एवढाच की रात्री अकराला फ्रिज उघडणं बंद होतं.

आता काही म्हणतील, परदेशातले अभ्यास, आपली माती वेगळी. मान्य. पण चरबी वितळायचे नियम शिरोली नाक्यावर बदलत नाहीत.

कान_मोडका | १५ जून, दुपारी १:१०

आमच्यासारख्यांचं बी ऐका. मी पंधरा वर्सं तालमीत होतो, लाल मातीत. पहाटे चारला उठून जोर-बैठका, मग लढत. खुराक म्हंजे दोन लिटर दूध, बदामाची थंडाई, तूप, आठवड्यातनं चारदा मटण. वजन ८६, पण पोटाला चिमटा घ्याय गेला तर कातडं हाताला लागायचं न्हाई.

गुडघा गेला आणि कुस्ती सुटली. खुराक सुटला न्हाई. वस्ताद म्हणायचे, "पोरा, माती सोडलीस, आता वाटी बी सोड." कोण ऐकतंय? चार वर्सांत ११८. जुन्या पैलवानांची पोटं बघा, सगळ्यांची हीच कथा हाय. अंगाला खायची सवय, आणि माणसं बी म्हणत्यात, पैलवान, एवढंच?

डाएट कुठलंच केलं न्हाई मी. गंगावेशीतला संध्याकाळचा धारोष्ण दुधाचा गिलास बंद केला आणि सकाळी रंकाळ्याला फिरायला लागलो. गिलास बंद केल्यावर कट्ट्यावरचा दूधवाला घरी आला, आजारी हाय काय म्हून बघाय. दोन वर्सांत ११८ चे १०३. आता तिथंच अडकलोय. पर गुडघा कुरकुरत न्हाई.

आकडेमोड | १५ जून, दुपारी १:४०

पैलवान, म्हशीच्या दुधाचा पाव लिटरचा पेला साधारण अडीचशे कॅलरीचा. रोजचा धरला तर वर्षाला नव्वद हजारांच्या वर जातो. तुम्ही नेमकी मोठी वीट काढलीत.

लक्ष्मीपुरीकर | १५ जून, दुपारी २:०५

पैलवान, तुमचा प्रतिसाद वाचून गल्ल्यावर बसल्या बसल्या घाम फुटला. दुकान बंद करून मी रोज त्याच कट्ट्यावर जातो. एक पेला साधा, एक साखर घालून.

पण मेहुण्याच्या कीटोबद्दल कुणी बोलेना?

मटण_मोजून | १५ जून, दुपारी ४:३०

मी बोलतो. कोल्हापुरात कीटो म्हणजे स्वर्गच असं वाटून उडी मारली होती. मटण चालतं, अंडी चालतात, तूप चालतं, आणि काय पाहिजे? पहिल्या दहा दिवसांत चार किलो गेले, मी गल्लीभर सांगत सुटलो. नंतर कळलं की ते पाणी होतं. शरीरात साठवलेल्या पिठाच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी असतं, साठा संपला की पाणी जातं. पहिली भाकरी खाल्ली की पाणी परत.

तिसऱ्या महिन्यात पायाचा अंगठा टोमॅटोसारखा लाल. चादर लागली तरी ओरडायचो. युरिक ॲसिड ९.२. डॉक्टरांनी विचारलं काय खाता, मी सांगितलं, त्यांनी पेन खाली ठेवलं. वर बद्धकोष्ठ, ते वेगळंच. पाच महिन्यांत सोडलं. वर्षानं काटा : सुरुवातीपेक्षा दोन किलो जास्त. लक्ष्मीपुरीकर, तुम्ही वर्षाचं विचारलंत म्हणून खरं सांगितलं.

पेठी_पाहुणा | १५ जून, दुपारी ४:४४

पांढऱ्या रश्शाचं काय? तो तर नारळाच्या दुधाचा, म्हणजे कीटोत बसत असेल?

मटण_मोजून | १५ जून, दुपारी ४:५०

बसतो की. पण पांढरा काय कुणी एक वाटी पितं? आणि काजू-खसखस वाटून घातलेली असते.

राजारामपुरी_९वी_गल्ली | १५ जून, दुपारी ४:५८

काजू हॉटेलवाले घालतात. घरी खसखस, तीळ आणि नारळाचं दूध, अळणी पाणी. काजू घातलेला पांढरा म्हणजे खीर.

मंगळवार_पेठ | १५ जून, संध्याकाळी ५:०३

आमच्याकडं चार काजू घालतात. आजीपासून. खीर म्हणायचं काम नाही.

तर्री_कमी_नको | १५ जून, संध्याकाळी ५:०५

आता धाग्यात जीव आला.

(यानंतरचे पांढऱ्या रश्शाचे एकोणीस प्रतिसाद पाककृती विभागात हलवले आहेत. तिथं भांडा. – व्यवस्थापक)

मेडिकलवाला | १५ जून, रात्री १०:२०

दुकान बंद करून आलो. गोळ्यांचं मी सांगतो, बावीस वर्षं काउंटरला उभा आहे. डॉक्टर नाही, एवढं लक्षात ठेवून वाचा.

वजनासाठी लोक मागतात त्यात रीतसर औषध म्हणून जुनं आहे ते ऑर्लिस्टॅट. १२० मिलिग्रॅमची कॅप्सूल, जेवणाबरोबर. ते भूक मारत नाही. आतड्यात चरबी पचवणारं जे विकर असतं त्याला अडवतं, त्यामुळं खाल्लेल्या चरबीतला तीसेक टक्के भाग न पचता तसाच बाहेर जातो. तसाच म्हणजे तसाच. ज्यानं तेलकट खाल्लं त्याला संडासात तेल दिसतं, आणि प्रत्येक वेळी संडासापर्यंत पोचायला वेळ मिळेलच असं नाही. अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वंही चरबीबरोबर जातात, म्हणून डॉक्टर ती वेगळी देतात. वर्षाला सरासरी दोन-तीन किलोचा जादा फायदा, तोही पथ्य पाळलं तर.

दुसरं, सिब्युट्रामिन. २०१० पर्यंत धडाक्यात खपायचं. हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका दिसला, युरोप-अमेरिकेत बाजारातून गेलं, आपल्याकडं २०११ मध्ये बंदी आली. आता ते कुठल्याही दुकानात मिळत नाही. पण जगभर "शंभर टक्के आयुर्वेदिक" म्हणून विकलेल्या वजनाच्या पुड्या तपासल्या की त्यात हेच गुपचूप मिसळलेलं वारंवार सापडलंय. पुडीनं चार दिवसांत भूक मेली, झोप उडाली, छाती धडधडली तर ती जडीबुटी नव्हे.

तिसरं, लोक थायरॉइडच्या गोळ्या मागतात. "मैत्रिणीची उतरली तिनं." मैत्रिणीला थायरॉइड होता. नसताना घेतली तर हृदयाचे ठोके बिघडतात, हाडं झिजतात. मी देत नाही, भांडून जातात.

गार्सिनिया कंबोजियाच्या कॅप्सूलबद्दलही विचारतात. तिचा नि आपल्या कोकमाचा कूळ एकच. बाराशे रुपयांची बाटली, आणि परिणाम नावापुरता. त्यापेक्षा मालवणातून आमसुलं मागवा, निदान आमटीला चव येईल.

चांगभलं | १५ जून, रात्री १०:५१

मेडिकलवाले, "प्रत्येक वेळी वेळ मिळेलच असं नाही" हे वाचून डोळ्यांत पाणी आलं. २०१७ मध्ये तुम्ही कुठं होता?

मी ती कॅप्सूल मित्राकडून घेतली, डॉक्टर-बिक्टर नाही. मित्र म्हणाला, ही घे आणि काय पाहिजे ते खा, सगळं बाहेर जातंय. मी शब्दशः घेतलं. रविवारी भावकीत जेवण होतं, वाडीला. दोन कॅप्सूल टाकल्या (एकीनं भागणार नाही असं वाटलं) आणि तांबड्याच्या चार वाट्या, वर सुकं, वर वजडी. बदामी रंगाची नवी पँट. परत येताना चुलतभावाच्या बुलेटवर मागं. कळंब्याजवळ खड्डा आला, आणि मला काहीतरी ऊब जाणवली.

घरी उतरलो. भावानं सीटकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, परत सीटकडं बघितलं. सीटवर तवंग होता. नारिंगी. भाऊ एवढंच म्हणाला, "ह्यो तर कट हाय."

पँट जाळली. भाऊ अजून लग्नाकार्यात सांगतो.

तर्री_कमी_नको | १५ जून, रात्री १०:५५

आयडी बदलतोय मी.

लेक_शाहूपुरीची | १६ जून, सकाळी ८:३०

हसून झालं असेल तर एक गंभीर. माझ्या आईला दहा वर्षांचा मधुमेह, ग्लिमेपिराइड (साखर उतरवणारी गोळी) चालू. शेजारणीचं ऐकून तिनं परस्पर दोन जेवणं सुरू केली, गोळी मात्र सकाळची तशीच घ्यायची. चौथ्या दिवशी साडेअकराला देवघरासमोर घामाने भिजलेली, जीभ जड, मला ओळखेना. ग्लुकोमीटरवर ५२. साखरपाणी पाजून दवाखान्यात नेलं, वाचली.

त्या पद्धतीला दोष देत नाही, मधुमेहींनी डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करावं असं तिथंही सांगतात. आई ते अर्धंच ऐकून आली होती. ज्यांच्या घरात साखरेची गोळी किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी जेवणाची वेळ हलवायच्या आधी गोळीचं विचारा. पाया पडते.

लक्ष्मीपुरीकर | १६ जून, सकाळी ९:१०

ताई, हे फार महत्त्वाचं. माझ्या वडिलांनाही तीच गोळी आहे आणि बायको त्यांनाही दोनवर आणायच्या बेतात होती. आत्ता फोन करून थांबवलं.

अण्णा_न्यूजर्सी | १६ जून, रात्री ९:४०

मूळचा कसबा बावड्याचा, वीस वर्षं इकडे. साडूच्या इंजेक्शनबद्दल मी सांगू शकतो, कारण सेमाग्लुटाइड मी चौदा महिने घेतलं.

हे जेवल्यावर आतड्यातून निघणाऱ्या एका संप्रेरकाची नक्कल करतं. पोट सावकाश रिकामं होतं आणि मेंदूला वाटतं, झालं जेवण. २०२१ मध्ये मोठा अभ्यास आला, ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन कमी, बिनऔषधाची नुसती सुई टोचलेल्यांचं २.४. त्याच्या पुढचं टिर्झेपटाइड, त्याच्या मोठ्या डोसला तर वीस टक्क्यांच्या वर. आजवरच्या कुठल्याही गोळीपेक्षा हे प्रकरण वेगळं आहे, हे मान्य करायला हवं. टाइमपास पुडी नव्हे ही.

माझे १०४ चे ८९ झाले. पहिले दोन महिने मळमळ. सगळ्यात विचित्र काय वाटलं सांगू? आई आली होती, तिनं तांबडा-पांढरा केला, घरभर वास, आणि मला काहीच वाटलं नाही. ताट समोर, आणि आत शांतता. आई म्हणाली, "बरं नाही का रे?" मी मुतखड्यासाठी ऑपरेशन झालं तेव्हा रडलो नव्हतो, त्या दिवशी रडायला आलं.

विम्यानं पैसे देणं बंद केलं, मी थांबवलं. दहा महिन्यांत नऊ किलो परत. थांबवल्यावर वर्षात दोनतृतीयांश परत येतं असं अभ्यासातही दिसलंय, म्हणजे मी अगदी सरासरी माणूस निघालो.

मेडिकलवाला | १६ जून, रात्री १०:१५

अण्णा, नेमकं लिहिलंत. इथलं सांगतो. टिर्झेपटाइड मार्च २०२५ मध्ये भारतात आलं. तेव्हा सुरुवातीच्या २.५ मिलिग्रॅमची कुपी साडेतीन हजारांची होती, आठवड्याला एक, म्हणजे महिन्याला चौदा हजार, आणि डोस वाढला की वर. सेमाग्लुटाइडची तोंडानं घ्यायची गोळी मधुमेहासाठी आधीपासून आहे. ती उपाशीपोटी, अर्ध्या कपापेक्षा कमी पाण्याबरोबर, आणि पुढं अर्धा तास काही नाही. आमच्या एका गिऱ्हाइकानं ती महिनाभर चहाबरोबर घेतली आणि म्हणतो, काही फरक नाही. पडेल कसा?

इंजेक्शनं ही फ्रिजची औषधं. कुणी पिशवीतून आणून स्वस्तात देतो म्हणाला तर घेऊ नका. स्वादुपिंडाला सूज येऊन गेलेले, किंवा घरात थायरॉइडच्या विशिष्ट कर्करोगाचा इतिहास असलेले, यांनी डॉक्टरांना ते आधी सांगायचं. आणि नुसतं टोचून बसून राहिलं तर चरबीबरोबर स्नायूही जातात.

वाढदिवस_नको | १७ जून, दुपारी १२:२५

पुडीचं वाचलं आणि लिहावंसं वाटलं. मागच्या वर्षी नात्यातल्या एकीनं चूर्ण दिलं होतं, बिनलेबलच्या प्लास्टिकच्या डबीत. पंधरा दिवसांत पाच किलो. मी रात्री दोनला उठून कपाटं आवरायचे, एवढा उत्साह. मग जिन्यात छाती धडधडली, नाडी १३०. डॉक्टरांनी डबी मागितली तर नातेवाईक म्हणाली, डॉक्टरांना दाखवू नको, ते आयुर्वेदाचे शत्रू असतात. माझे डॉक्टर वैद्यच होते हो. त्यांनी डबी हुंगली आणि म्हणाले, "यात आमचं काही नाही."

कान_मोडका | १७ जून, दुपारी १२:४०

वैद्य लई भारी.

नाचणीची_आंबील | १७ जून, रात्री ८:१५

लक्ष्मीपुरीकर, एवढं सगळं झाल्यावर तुम्ही काय ठरवलंत? आणि रोज काय खाता ते तुम्ही अजून सांगितलंच नाहीत.

लक्ष्मीपुरीकर | १७ जून, रात्री ११:०५

लिहून काढलं, लाज वाटली. सकाळी पोहे, दोन वाट्या. दुकानात चहा सहा-सात कप, कारण प्रत्येक व्यापारी आला की चहा. दुपारी दोन भाकरी, भाजी, भात. चारला वडा किंवा भेळ, जे समोरून जाईल ते. साडेआठला दुधाचे दोन पेले. दहाला जेवण, त्यात चपात्या चार. साखर नको म्हणून चहात गूळ घालायला सुरुवात केली होती, तेवढाच काय तो माझा त्याग.

आकडेमोड | १७ जून, रात्री ११:२०

गुळाच्या नगरीत हे बोलणं पाप आहे, पण शंभर ग्रॅम साखर चारशे कॅलरी आणि शंभर ग्रॅम गूळ साधारण तीनशे ऐंशी. त्याग वीस कॅलरींचा.

तर्री_कमी_नको | १७ जून, रात्री ११:२२

आकडेमोडला गुऱ्हाळबंदी करा.

लक्ष्मीपुरीकर | १६ नोव्हेंबर, रात्री ९:३०

धागा वर काढतोय. पाच महिने झाले, वर्ष नव्हे, पण दोघा-तिघांनी विचारपूस केली म्हणून.

९४ चे ८७.४. एचबीए१सी ५.८. आखाडात दीड किलो वाढलं होतं, ते धरून.

दीक्षित पूर्ण जमलं नाही, दहाव्या दिवशी दुपारी गिऱ्हाइकावर खेकसलो. दिवेकर जमलं नाही, दुकानात दर दोन तासांनी डबा उघडायला लाज वाटते. शेवटी बायकोकडून रात्रीचं लवकर जेवण घेतलं, साडेसातला, दुकानातच डबा येतो. बहिणीकडून चारचे शेंगदाणे. पैलवानाकडून कट्टा बंद. चहाला दोनच कप, बाकीचे व्यापारी आले की मी कप हातात धरून बसतो आणि ते गेले की कुंडीत ओततो. तुळस नाही, शोभेचं झाड आहे, फोफावलंय.

सकाळी शिवाजी विद्यापीठाच्या आवारात चालतो. पहिल्या आठवड्यात एक आजोबा मागून येऊन पुढं जायचे आणि वळून "या" म्हणायचे. आता बरोबर चालतो. अजून पुढं गेलो नाही.

सप्टेंबरमध्ये काटा सहा आठवडे जागचा हलला नाही, तेव्हा मेडिकलवाल्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो होतो, खरं सांगतो. त्यांनी ओळखलं नाही, मीही सांगितलं नाही. खोकल्याचं औषध घेऊन परत आलो.

मेडिकलवाला | १६ नोव्हेंबर, रात्री १०:०५

तो तुम्ही होय! खोकला नसताना दोन बाटल्या कोण नेतं असं पोरगं म्हणत होतं.

मटण_मोजून | १६ नोव्हेंबर, रात्री १०:१२

अभिनंदन. मेहुण्याचं आणि साडूचं काय?

लक्ष्मीपुरीकर | १६ नोव्हेंबर, रात्री १०:२०

मेहुणा भाकरीवर परत. साडूनं दिवाळीच्या खर्चात इंजेक्शन बंद केलं, व्हिडिओ कॉल आता आवाजाचाच असतो. शेजाऱ्याच्या शेकचे अकरा डबे पडून आहेत, कुणाला हवे असतील तर सांगा.

राजारामपुरी_९वी_गल्ली | १६ नोव्हेंबर, रात्री १०:२६

बायकोला सांगा, मी म्हणतो, अजून दीड तास अलीकडं आणा जेवण. आणि जानेवारीत परत रक्त तपासा.

तर्री_कमी_नको | १६ नोव्हेंबर, रात्री १०:३१

सगळं खरं. रविवारी सकाळी मिसळ, नऊ वाजता, मी आणि पैलवान जातोय. येणार का?

लक्ष्मीपुरीकर | १६ नोव्हेंबर, रात्री १०:३३

येतो. ब्रेड तुम्ही दोघांनी खायचा. कट एकदाच मागवणार.

तर्री_कमी_नको | १६ नोव्हेंबर, रात्री १०:३४

एकदाच म्हणजे प्रत्येकी?